कालवफोड्या : ओहोटीवर जगणारा पक्षी

घाटावर राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी ज्याने टिटवीची हाक ऐकली नाही असा क्वचितच कोणी असेल. माळावर किंवा नदीच्या वाळवंटात ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि मनुष्य अथवा कुत्रे जवळ आले की ओरडून सारे शिवार जागे करिते. ह्या टिटवीच्याच गणगोतातला, परंतु समुद्राच्या काठी राहणारा एक पक्षी आहे. त्यास मराठीत कालवफोड्या म्हणतात. ह्या पाठात आम्ही त्याचे रूप, त्याची जागा, त्याचे पोट भरण्याचे कसब व त्याच्या लेकरांचे शिक्षण ह्यांविषयी सांगणार आहोत. ह्याच पक्ष्यावर एकदा चोरीचा आळ आला आणि चौकशी पुरी होण्याआधीच त्याचे हजारो भाईबंद मारले गेले. ती हकीकतही शेवटी येईल. ती सर्वांनी लक्षपूर्वक वाचावी, कारण पक्ष्याविषयी असली तरी तिच्यातला प्रश्न मनुष्यांच्या न्यायाचा आहे.

१. रूप व नाव

कालवफोड्या अंगाने कावळ्याएवढा असून त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते. डोके, मान व पाठ काळी, पोट पांढरेशुभ्र, पाय गुलाबी आणि डोळे लाल. उडू लागला म्हणजे काळ्या पंखांवर पांढरा रुंद पट्टा झळकतो. परंतु पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम त्याच्या चोचीवर जाते. ती आठ-नऊ सेंटिमीटर लांब, सरळ, नारिंगी-लाल व दोन्ही बाजूंनी चपटी असते. एखाद्या सुताराने आपली पटाशी तोंडात धरली आहे, असे तिच्याकडे पाहून वाटते. ह्याची हाक तीक्ष्ण शिटीसारखी असून दूरवर ऐकू जाते.

इंग्रजीत ह्याचे जुने नाव 'समुद्रावरचा मॅगपाय' अशा अर्थाचे होते. मॅगपाय हा तिकडील काळा-पांढरा पक्षी होय. पुढे १७३१ मध्ये मार्क केट्सबी नामक निसर्गाभ्यासकाने अमेरिकेच्या किनाऱ्यावर ह्याच्या एका भावंडाला कालवे खाताना पाहून 'कालवे धरणारा' असे नाव दिले, आणि तेच युरोपातील पक्ष्यासही चिकटले. १७५८ मध्ये लिनियसने जे शास्त्रीय नाव ठेविले त्याचा अर्थ 'रक्तासारख्या पायांचा, कालवे वेचणारा' असा होतो. गंमत अशी की, युरोपातील हा पक्षी कालवे फारशी खात नाही. त्याचे मुख्य अन्न दोन प्रकारचे शिंपले आहेत. एक 'कॉकल', म्हणजे आपल्याकडील तिसऱ्यांसारखा वाळूत पुरून राहणारा, परंतु गोल व पन्हळीदार कवचाचा. दुसरा 'मसल', म्हणजे खडकांस किंवा एकमेकांस धाग्यांनी घट्ट चिकटून राहणारा काळपट, लांबट शिंपला.

उत्तरेकडील लोकांचे ह्या पक्ष्यावर फार प्रेम आहे. स्कॉटलंडातील गेलिक भाषेत त्यास 'संत ब्रिजिडेचा सेवक' अशा अर्थाचे नाव आहे. उत्तर अटलांटिक समुद्रातील फेरो बेटांचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. तेथील लोक १२ मार्च रोजी, म्हणजे संत ग्रेगरीच्या दिवशी, त्याच्या परत येण्याचा उत्सव करितात. कारण तो आला म्हणजे लांबलेला हिवाळा सरला असे ते समजतात.

२. राहण्याची जागा व दिवसाचा क्रम

ज्या वाचकांनी समुद्र पाहिला नाही त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, बहुतेक किनाऱ्यांवर दिवसरात्रीत समुद्राचे पाणी दोन वेळा चढते व दोन वेळा उतरते. चढणे ती भरती व उतरणे ती ओहोटी. जेथे किनारा सपाट असतो तेथे ओहोटीच्या वेळी पाणी कोसकोस मागे जाते, आणि एरवी बुडालेली वाळू, चिखल व खडक उघडे पडतात. ही जमीन धड समुद्राची नाही व धड माणसांचीही नाही. कालवफोड्याचे शेत तेच.

हा पक्षी आइसलंड, ब्रिटन, नॉर्वे व हॉलंड येथपासून थेट रशियापर्यंत घरटी करितो. त्याच्या मोठ्या वस्त्यांपैकी एक वाडन समुद्रात आहे. हॉलंड, जर्मनी व डेन्मार्क ह्या तीन देशांच्या काठाने पसरलेला हा उथळ समुद्र ओहोटीला मैलोगणती कोरडा पडतो. २००९ मध्ये त्याचा हॉलंड व जर्मनीकडील भाग जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला, आणि २०१४ मध्ये डेन्मार्ककडील भागही त्यास जोडला गेला.

कालवफोड्याच्या दिवसाची वाटणी सूर्य करीत नाही, ती भरती-ओहोटी करिते. पाणी उतरले की तो कामास लागतो. मग दुपार असो की मध्यरात्र असो, त्यास सारखेच. अंधारात तो चोचीच्या स्पर्शाने शिंपले शोधितो. पाणी चढू लागले म्हणजे सारा थवा उंचवट्यावर गोळा होतो आणि वाऱ्याकडे तोंड करून, पुष्कळदा एका पायावर उभा राहून, पुढील ओहोटीची वाट पाहतो. थंडीच्या दिवसांत त्यास रोज शेकडो कॉकल लागतात. म्हणून ओहोटीचा जितका वेळ वाया जाईल तितकी त्याची उपासमार समजावी.

३. चोच हेच हत्यार

जिवंत शिंपला उघडणे सोपे नाही. ज्यांनी कधी हाताने प्रयत्न केला असेल त्यांस हे सांगावयास नको. कालवफोड्या हे काम दोन रीतींनी करितो.

पहिली रीत भोसकण्याची. पाण्याखाली असलेल्या मसलाची दोन कवचे किंचित उघडी असतात. पक्षी हळूच जवळ जाऊन त्या फटीत चोच खुपसतो आणि कवचे मिटणारा आतील स्नायू कापून टाकितो. स्नायू तुटला की कवचे आपोआप सैल होतात. ह्यात चपळाई पाहिजे. हात चुकला तर शिंपला मिटतो व श्रम फुकट जातात.

दुसरी रीत फोडण्याची. पक्षी शिंपला उपटून घट्ट वाळूवर नेतो, नीट ठेवितो, आणि कवचाच्या कच्च्या जागी घाव घालून त्यास भोक पाडितो. अभ्यासकांना असे आढळले आहे की, फोडणारे पक्षी पातळ कवचाचे शिंपले निवडून घेतात. बळ खर्च करण्यापूर्वी ते पारख करितात.

ह्यांखेरीज काही पक्षी, विशेषतः माद्या, चिखलातील व ओल्या कुरणांतील गांडुळांसारखे किडे उपसून खातात. एक पक्षी बहुधा एकाच रीतीत निष्णात असतो, आणि त्याच्या कामाची खूण त्याच्या चोचीवर दिसते. फोडणाऱ्याचे टोक बोथट, भोसकणाऱ्याचे पटाशीसारखे, व किडे उपसणाऱ्याचे अणकुचीदार. ही चोच आपल्या नखांसारखी झिजते व वाढते. दिवसाला सुमारे ०.४ मिलिमीटर वाढते असे मोजून पाहिले आहे. म्हणून पक्ष्याने अन्न बदलले तर थोड्याच काळात टोकाचा आकारही बदलतो. लोहाराचा हात पाहून लोहार ओळखावा, तसा हा प्रकार आहे.

४. लेकरांचे शिक्षण

कालवफोड्याचे घरटे म्हणजे वाळूत किंवा गवतात केलेला साधा खळगा. त्यात बहुधा तीन अंडी असतात. नर व मादी आळीपाळीने २४ ते २७ दिवस ती उबवितात. अंड्यांचा रंग खडे-वाळूसारखा असल्यामुळे ती सहज दिसत नाहीत. हॉलंड व स्कॉटलंड येथे काही जोडपी शहरांतील खडी पसरलेल्या सपाट छपरांवरही घरटी करितात.

टिटवीची पिल्ले अंड्यातून निघाली की आपले अन्न आपण टिपतात. बहुतेक किनारी पक्ष्यांचेही तसेच आहे. कालवफोड्याची पिल्ले मात्र धावू लागली तरी स्वतःचे पोट भरू शकत नाहीत, कारण कोवळ्या चोचीला शिंपला उघडत नाही. मायबाप प्रत्येक घास आणून पुढे ठेवितात. पिल्लू जवळ उभे राहून पाहते, रिकाम्या कवचांवर चोच मारते, मऊ तुकडे उचलते आणि हळूहळू कसब शिकते. १९६० नंतरच्या दशकात नॉर्टन-ग्रिफिथ्स ह्या अभ्यासकाने इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर रेव्हनग्लास येथे हा क्रम बारकाईने पाहिला. शिंपल्यांवर जगणाऱ्या घरातील पिल्ले उडू लागल्यावरही अनेक आठवडे मायबापांच्या आधाराने राहतात, कारण त्यांचा धंदा शिकावयास कठीण असतो.

वाडन समुद्रातील स्कीरमोनिकोख ह्या डच बेटावर १९८० नंतरच्या दशकापासून चाललेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. काही जोडप्यांची जागा चिखलाच्या अगदी काठाशी असते. ती पिल्लांस चालवीत अन्नापर्यंत नेतात. इतर जोडप्यांची जागा मागे, गवताळ भागात असते. त्यांस पुढच्या रांगेवरून उडत जाऊन एकेक घास पिल्लांकडे आणावा लागतो. श्रम अधिक, आणि तरीही जगणारी पिल्ले कमी. म्हणून काही तरुण पक्षी मागची जागा घेत नाहीत. पुढची रिकामी होईपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहतात. हा पक्षी दीर्घायुषी असल्यामुळे त्यास असे थांबणे परवडते. पायात कडी घालून सोडलेल्या काही पक्ष्यांनी चाळीस वर्षांहून अधिक आयुष्य भोगिले आहे. पण ह्याचा दुसरा अर्थ असा की, ज्याची लेकरे थोडी व सावकाश वाढतात त्याचे मोठे पक्षी एकदम मेले तर ती तूट लवकर भरून निघत नाही.

५. चोर कोण?

आता ती हकीकत सांगतो. वेल्स देशाच्या दक्षिणेस बरी नावाची खाडी आहे. तिच्या काठच्या पेनक्लॉड वगैरे गावांत कॉकल वेचण्याचा धंदा फार जुना आहे. पूर्वी तो मुख्यतः बायका करीत. ओहोटीला गाढवे घेऊन त्या वाळूवर जात, दाताळ्याने वाळू ओढीत, आणि चाळणीने चाळून लहान कॉकल पुन्हा वाळूत पडू देत. ह्या धंद्यावर कित्येक घरे चालत.

१९७० च्या सुमारास त्या खाडीत कॉकल कमी झाले. शेजारीच हजारो कालवफोडे तेच कॉकल उघडून खाताना सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. मग लोकांना वाटले की, चोर सापडला. हिशेबही मांडण्यात आला : एक पक्षी दिवसास इतके खातो, पक्षी इतके हजार, म्हणजे वर्षाचे नुकसान इतके. वरवर पाहता हा हिशेब कोणासही पटावा असाच होता. सरकारी परवानगीने १९७३-७४ च्या सुमारास दहा हजारांच्या आसपास कालवफोडे गोळ्या घालून मारण्यात आले.

ज्यांचे पोट त्या वाळूवर होते त्यांचा संताप आम्हांस समजतो. घरी चूल पेटत नसताना मनुष्यास धीर राहत नाही. परंतु त्यांच्या पदरी काय पडले? पक्षी मेले, आणि कॉकल काही अपेक्षेप्रमाणे वाढले नाहीत. १९७७ मध्ये हॉरवुड व गॉस-कस्टर्ड ह्या अभ्यासकांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा पक्षी कमी केल्याने धंदा सुधारेल ह्या म्हणण्यास त्यांत भक्कम आधार सापडला नाही. कॉकलांची संख्या मुळातच वर्षावर्षाला फार बदलते. कोणत्या साली त्यांची पिल्ले वाळूत ठरतील व कोणत्या साली ठरणार नाहीत, हे थंडी, पाणी व पिल्लांस खाणारे खेकडे-कोळंबी ह्यांवर अवलंबून असते. कालवफोड्या खात होता हे खरे. पण खाणारा दिसला म्हणजे तुटीचे कारण सापडले असे होत नाही. जो उघड्यावर खातो तो दिसतो, आणि जो न दिसता नाश करितो तो सुटतो.

६. दुसरा न्याय

वाडन समुद्रात ह्याच्या उलट घडले. तेथे कॉकल काढण्यासाठी यंत्रे आली. ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वाळू सैल करून कॉकल ओढून घेत. दुसऱ्या होड्या मसलांचे थर खरवडून नेत. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही वर्षे शिंपल्यांची नवी पिल्ले फारशी ठरली नाहीत, तरी काढणे चालूच राहिले. डच भागातील ओहोटीला उघडे पडणारे मसलांचे थर जवळजवळ नाहीसे झाले, कॉकलही थोडे उरले, आणि १९९०-९१ च्या हिवाळ्यात पुष्कळ कालवफोडे उपासमारीने मेले. तेव्हापासून हॉलंडात त्यांची संख्या फार घटली आहे. २०१५ मध्ये जगातील प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या संघटनेने ह्या पक्ष्यास 'धोक्याच्या जवळ' असलेल्यांत घातले.

पुढे हा वाद युरोपच्या न्यायालयात गेला. ७ सप्टेंबर २००४ रोजी न्यायालयाने ठरविले की, संरक्षित जागी असे काम करावयाचे असेल तर त्याने त्या जागेस इजा होणार नाही ह्याविषयी वाजवी शंका उरता कामा नये. शंका असेल तर परवाना देऊ नये. २००५ पासून डच वाडन समुद्रात यंत्राने कॉकल काढणे बंद झाले. हाताने दाताळे ओढून काढणाऱ्यांस मात्र मर्यादित परवाने राहिले.

वाचकांनी हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावे. दोन्हीकडे शंका होतीच. वेल्समध्ये शंकेचा भार पक्ष्यावर टाकला, ज्यास बोलता येत नव्हते. हॉलंडात शेवटी तो यंत्रवाल्यांवर टाकला, ज्यांस बोलता येत होते व पुरावा आणता येत होता. आमच्या मते दुसरा न्याय अधिक चांगला. कारण जो दुबळा आहे त्याच्याकडून निर्दोषपणाचा पुरावा मागू नये, आणि ज्याच्या हातात बळ आहे त्याने आधी आपले हात दाखवावे. गावकीत, घरात किंवा पंचांपुढे चोरीचा आळ येतो तेव्हाही हेच लागू आहे. कोण समोर दिसला एवढ्यावर निकाल न देता, घट कशाने झाली ह्याची चौकशी आधी करावी.

७. आपल्या किनाऱ्यावर

रशियाच्या अंतर्भागात व पश्चिम सायबेरियात नदीकाठी घरटी करणारे काही कालवफोडे हिवाळ्यात दक्षिणेस येतात. त्यांपैकी काही थोडे आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर उतरतात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पावसाळ्यानंतर शांत पुळणीवर किंवा खडकाळ काठावर ते दिसतात. त्याच खडकांवर आपल्या भगिनी ओहोटीला बसून लोखंडी हत्याराने कालवे फोडितात. दोघांचेही घड्याळ एक, आणि दोघांनाही पाणी चढण्यापूर्वी काम उरकावयाचे असते.

किनाऱ्यावरील आमच्या वाचकांस तीन साध्या गोष्टी सांगावयाच्या आहेत. ओहोटीला चरत असलेल्या थव्यावर कुत्रे सोडू नये किंवा मुलांस धावू देऊ नये. प्रत्येक उड्डाणास खाल्लेले अन्न खर्ची पडते व खाण्याचा वेळ बुडतो. भरतीच्या वेळी विसावलेल्या थव्यास वळसा घालून जावे. आणि कालवे-तिसऱ्या काढताना लहान पुन्हा पाण्यात सोडावी, जसे पेनक्लॉडच्या बायका चाळणीने करीत. असे केल्याने पुढल्या वर्षी पक्ष्यासही मिळेल व आपल्या टोपलीतही पडेल.

वर्गासाठी प्रश्न

(हा पाठ मुलांस शिकविणाऱ्या बंधुभगिनींनी पुढील प्रश्न विचारावे, व जेथे टिटवी दिसते तेथे मुलांस ती प्रत्यक्ष दाखवून तुलना करवावी.)

१. टिटवीच्या व कालवफोड्याच्या पिल्लांत कोणता भेद आहे, आणि तो का पडला?
२. शिंपला उघडण्याच्या दोन रीती सांगा. चोचीचे टोक पाहून काय ओळखता येते?
३. काठाजवळ जागा असलेल्या जोडप्यांची अधिक पिल्ले का जगतात?
४. बरी खाडीतील लोकांनी मांडलेल्या हिशेबात कोणती गोष्ट राहून गेली होती?
५. तुमच्या गावात कोणत्या पशूवर किंवा पक्ष्यावर नुकसानीचा आळ घेतात? तो खरा आहे की नाही हे ठरविण्यासाठी कोणकोणत्या गोष्टी मोजून पाहाव्या लागतील?